वाऱ्याची दिशा ओळखा



घातक रसायने म्हटली की आपल्याला भोपाळ, डोंबिवली, लोटे-परशुराम आठवते; आपले मालवण आठवत नाही. पण बंदरावर उतरलेला बांगडा ज्या बर्फात टिकतो, तो बर्फ करणाऱ्या कारखान्यांत सर्रास अमोनिया वापरतात. दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला हा पदार्थ हवेच्या साध्या दाबाला उणे 33 अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाइप फुटला की तो झपाट्याने वायुरूप होतो आणि डोळे, घसा, फुफ्फुसे जाळतो. म्हणून आपत्तीची तयारी हे केवळ बड्या उद्योगांचे काम नाही. ते बंदरावरच्या लहान व्यावसायिकाचेही आहे, आणि ती तयारी इथल्या वाऱ्यापाण्याच्या जाणतेपणातूनच व्हायला हवी.

भोपाळच्या 1984च्या वायुगळतीच्या रात्री लोक जिवाच्या आकांताने पळाले. पण हवेत कोणता वायू आहे आणि कोणत्या दिशेला जावे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यानंतर घातक रसायनांविषयी 1989चे नियम आले, 1996च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितले. तरीही डोंबिवलीत 26 मे 2016 रोजी स्फोट झाला आणि 23 मे 2024 रोजी पुन्हा झाला. नियम असायलाच हवेत, पण फाइलमधला आराखडा धावत्या कामगाराला वाट दाखवत नाही. शिवाय हे नियम साठ्याच्या टनांवर बेतलेले आहेत. थोडा साठा असलेला कारखाना त्यांच्या कठोर अटींतून सुटतो, पण त्याच्या भिंतीलगतची वस्ती धोक्यातून सुटत नाही.

अमोनिया हवेपेक्षा हलका, असे पुस्तक सांगते. मात्र दाबातून सुटलेला गार अमोनिया दमट हवेत पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जमिनीकडे वाहतात, तेव्हा बंदरावरची गळती वस्तीत शिरेल. पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहतात, तेव्हा तीच गळती होड्यांवर जाईल. म्हणजे जमण्याची एकच जागा ठरवून भागणार नाही. दोन ठरवाव्या लागतील आणि वाऱ्याला आडवे होऊन बाहेर पडायचे, हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागेल. जे ज्ञान रापणकर मच्छीमाराला उपजत असते, ते सुरक्षेच्या आराखड्यात का नसावे?

यावर काही जण म्हणतील, लहान धंद्याला हा खर्च झेपत नाही. श्वसनसंच आणि वायूशोधक यंत्रे महाग आहेत, हे खरे. पण छपरावर वारा दाखवणारे कापडी निशाण, झडपांवर मराठीत ठळक नावे, डोळे धुण्यासाठी वाहते पाणी आणि दर तिमाहीत एक सराव यांना पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते. आणखी काही जण म्हणतील, इथे असे कधी घडले नाही. पण मे 2021च्या तौक्ते वादळात या जिल्ह्यात वीज गेली, रस्त्यांवर झाडे पडली. तशा रात्री गळती झाली, तर बाहेरची मदत वेळेत पोहोचेलच असे नाही. पहिला अर्धा तास आपल्यालाच निभवावा लागेल. तयारीची चर्चा केली तर पर्यटक घाबरतील, ही भीतीही अनाठायी आहे. तयारी दिसते तिथेच माणूस निर्धास्त राहतो.

मित्रहो, तुमच्यातले कोणी कारखाना चालवतील, कोणी हॉटेल काढतील, कोणी ग्रामपंचायतीत बसतील. जिथे जाल तिथे पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारा: इथे काय साठवले आहे, ते बंद कुठून करायचे आणि वारा फिरला तर जायचे कुठे? या उत्तरांची माहिती मालकाइतकीच रात्रपाळीच्या कामगाराला आणि शेजारच्या घरातल्या आजीलाही असेल, याची जबाबदारी आज पदवीबरोबर स्वीकारा.