पहिला आला, पण सत्ता नाही : सिसिली १९४७

आज सिसिलीत जायचंय. तारीख २० एप्रिल १९४७. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत, आणि या बेटाला स्वतःची प्रादेशिक विधानसभा निवडायची आहे. जागा ९०. इटलीतल्या बहुतेक प्रदेशांना अशा निवडणुकीसाठी १९७० पर्यंत थांबावं लागलं. सिसिलीला स्वायत्तता आधी मिळाली, कारण तिथे फुटून निघण्याची चळवळ जोरात होती.

मतदान प्रमाणशीर पद्धतीचं. म्हणजे आपल्यासारखं एका मतदारसंघात एकच विजेता, असं नाही. पक्षाला जेवढी मतं, साधारण तेवढ्याच प्रमाणात जागा. निकाल लागला आणि सगळे चाट पडले. कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांची आघाडी, ‘ब्लोको देल पोपोलो’, ३० टक्के मतं आणि २९ जागा घेऊन पहिली. ख्रिश्चन डेमोक्रॅट २० जागांवर. वर्षभरापूर्वी याच पक्षाला बेटावर एक तृतीयांश मतं होती!

हे झालं जमिनीमुळे. १९४४ साली कृषिमंत्री फाउस्तो गुल्लो यांनी कायदा केला होता, की जमीनदारांची पडीक जमीन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कसायला मिळावी. कागदावर सोपं. पण जमीनदार आणि त्यांचे माफियावाले मुकादम सोडतात होय? जानेवारी १९४७ मध्ये शाक्का गावात आक्कुर्सियो मिराल्या या कामगार नेत्याचा खून झाला. तरी लोकांनी एप्रिलमध्ये डाव्यांना मतं दिली. मला या निकालातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

मग अकरा दिवसांनी, १ मे. पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा नावाची डोंगरातली खिंड. आसपासच्या गावांतली शेतकरी कुटुंबं बायकापोरांसह कामगार दिनाला जमलेली. वरच्या कड्यांवरून गोळीबार झाला. अकरा माणसं गेली, त्यात मुलंही. गोळ्या साल्वातोरे जुलियानो या दरोडेखोराच्या टोळीच्या. पुढे १९५२ मध्ये वितेर्बोच्या कोर्टाने त्या टोळीतल्यांना शिक्षाही दिल्या. पण त्यांच्यामागे कोण होतं, यावर इटलीत अजून वाद आहे.

इकडे पालेर्मोत आकडेमोड चालू. बहुमताला ४६ हवेत, डाव्यांकडे २९. प्रमाणशीर पद्धतीने त्यांना पहिला नंबर दिला, मित्र दिले नाहीत. उरलेल्यांत राजेशाहीवादी, फुटीरतावादी, ‘सामान्य माणसा’च्या नावाने काढलेला एक पक्षसुद्धा! मे अखेरीस ख्रिश्चन डेमोक्रॅट जुझेप्पे आलेस्सी यांनी उजव्यांच्या पाठिंब्यावर अल्पमतातलं सरकार बनवलं. त्याच सुमारास रोममध्ये दे गास्पेरींनीही डाव्यांना मंत्रिमंडळाबाहेर काढलं.

एप्रिल १९४८ च्या संसदीय निवडणुकीत सिसिलीत डावे सुमारे २१ टक्क्यांवर आले, ख्रिश्चन डेमोक्रॅट ४८ च्या आसपास. सगळं श्रेय, किंवा दोष म्हणा, गोळ्यांना द्यायला मी तयार नाही. चर्च होतं, अमेरिकन मदतीचं धान्य होतं. पण त्या खिंडीखालच्या गावांतही डाव्यांची मतं घसरली, आणि तिथे मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.