फोनवरची अटक



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी कायद्यावर बोलणे म्हणजे धाडसच. पण हा विषय बायकांनीच बायकांना सांगावा असा आहे.

सन २०२४ मध्ये मुंबईच्या एका ७७ वर्षांच्या बाईंना फोन आला, "तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले!" मग पडद्यावर साहेब. कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचे नाही. महिनाभरात पावणेचार कोटींहून अधिक रुपये गेले. परदेशातील मुलीशी बोलल्या, तेव्हा कुठे फसवणूक उमगली.

मला वाटते, धमकीपेक्षा 'कोणाला सांगू नका' हेच त्या चोरांचे खरे हत्यार. बाजारात कोथिंबिरीसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, पण अब्रूचे नाव निघाले की गप्प! खऱ्या पोलिसाला तर अटकेची खबर घरच्यांना द्यावीच लागते. फोनवरून अटक कायद्यातच नाही. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची, तर तसेच मोठे कारण, महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

असा फोन आला तर ठेवून द्या आणि शेजारणीला हाक मारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. उशीर झाला की रक्कम या खात्यातून त्या खात्यात पळते. नंबर लावता येत नसेल, तर माझ्याकडे या. मी लावून देते.