खोडलेली ओळ आणि मोकळी जागा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनला लागून मद्रास उच्च न्यायालयाची तांबडी इमारत १८९२ पासून उभी आहे. त्या भूमीवर एके काळी दाट वस्ती होती. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तोफांपुढे मैदान मोकळे असावे, म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यास ती पाडण्यात आली. आणि तेथे पुन्हा घरे उठू नयेत, यासाठी १७७३ मध्ये हद्दीवर सहा खांब रोवण्यात आले. त्यांतला एक पॅरीज कॉर्नरच्या डेअर हाउसपाशी आजही आहे. घरे गेली, परंतु ती जागा दीर्घकाळ वस्तीला मिळाली नाही. पाडणे निराळे आणि जागा पुन्हा उपयोगात आणणे निराळे, हे त्या खांबाने शिकवावे.

आज ह्याच जॉर्ज टाउनमध्ये अँडरसन स्ट्रीटवर कागदाचा आणि गोडाऊन स्ट्रीटवर कापडाचा घाऊक व्यापार चालतो. अशा एखाद्या पेढीची कल्पना करावी. संगणकाची डिस्क भरत आली, म्हणून कारकुनाने चाळीस हजार नोंदींपैकी जुन्या तीस हजार काढून टाकल्या. पाहतो तो फाइलचा आकार होता तेवढाच! संगणक बिघडला की काय, अशी शंका त्याला येते. संगणक बिघडलेला नसतो. तो जुन्या मुनिमासारखा वागत असतो.

रोजकीर्दीतली चुकलेली रक्कम मुनीम खरवडून काढीत नसे. तो तीवर काट मारी. ओळ रद्द होई, पण पानावरची तिची जागा अडलेलीच राही. १९८० च्या दशकात व्यापारी संगणकांवर पसरलेल्या डीबेस ह्या प्रणालीत नेमके हेच होते. प्रत्येक नोंदीच्या आरंभी एका अक्षराची जागा राखलेली असे. नोंद काढली की तेथे तारकेची खूण पडे. ‘रिकॉल’ ही आज्ञा दिली की खूण पुसली जाऊन नोंद परत येई. ‘पॅक’ म्हटले की मात्र जिवंत नोंदी सलग लिहून काढल्या जात, फाइल आटोपशीर होई आणि खोडलेले परत येण्याचा तो मार्ग बंद होई. दिवाळीला नवी वही घालून चालू खात्यांची बाकी पुढे ओढावी, तसाच हा प्रकार.

आजच्या पोस्टग्रेससारख्या प्रणालीतही तत्त्व तेच आहे. तिची साधी ‘व्हॅक्यूम’ आज्ञा मृत नोंदींची जागा नव्या नोंदींसाठी खुली करते; फाइल बहुधा तेवढीच राहते. ‘व्हॅक्यूम फुल’ने ती लहान होते, परंतु नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनीही ठेवावी लागते आणि तोवर त्या तक्त्याचे काम थांबते. म्हणजे जागा मिळविण्यासाठी आधी जागा हवी! म्हणून डिस्क काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये; दुकान बंद झाल्यावर, दुसऱ्या डिस्कवर प्रत घेऊन मगच हे काम करावे.

परंतु खरा प्रश्न जागेचा नाही, विवेकाचा आहे. काय ठेवावयाचे आणि काय घालवावयाचे? २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीने हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावयाची असतात. आणि १ एप्रिल २०२३ पासून तिच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरफाराचा माग राहिलाच पाहिजे. तेव्हा जागेच्या लोभाने पुरावाच नाहीसा करणे हा अपराध ठरू शकतो. उलट, गिऱ्हाइकाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपण काढून टाकला, अशा समजुतीने जुना संगणक विकणारा व्यापारी त्या खोडलेल्या ओळी परक्याच्या हाती देत असतो. त्या वाचता येतात.

खोडणे हे क्षणाचे काम आहे. पुसणे हा निर्णय आहे. तो यंत्र घेत नाही. वहीच्या धन्यानेच तो घ्यावयाचा असतो, आणि तोही जुनी वही एकदा नीट वाचून.