गिरणगावातली तिकिटाची रात्र

इंग्लंडात विगन नावाचं कोळसा आणि कापडाचं गाव आहे. तिथल्या 'कसिनो' नावाच्या जुन्या नृत्यगृहात 1973 ते 1981 या काळात कामगारांची पोरं रात्र रात्र नाचत. दारू मिळत नसे. वाजत असत त्या अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल संगीताच्या तबकड्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्या मायदेशी खपल्याही नव्हत्या. तिकडं पडून राहिलेलं गाणं या पोरांनी जगवलं. माझं म्हणणं असं, की तमाशासाठी हेच काम मुंबईतल्या लालबाग-परळच्या गिरणगावानं केलं. तमाशा गावचा खरा, पण जत्रेच्या सुपारीवर जगणाऱ्या फडाला खिशातून तिकीट काढणारा प्रेक्षक दिला तो मुंबईनं. शाहीर पठ्ठे बापूराव आणि नाचणारी पवळा मुंबईतल्या पिला हाऊस भागातल्या थिएटरांत गाजले, पुढं लालबागच्या हनुमान थिएटरात वग रंगले. या सगळ्याला पैसा पुरवला तो गिरणीतली पाळी संपवून आलेल्या, खाणावळीचं देणं भागवून चार पैसे राखणाऱ्या साताऱ्या-कोकणातल्या गड्यांनी. तमाशाच्या इतिहासात शाहिराचं नाव येतं, नाचणारणीचं क्वचित, या गड्यांचं नाहीच.

कुणी म्हणेल, तमाशा सिनेमानं आणि टीव्हीनं मारला. पण मराठी बोलपट आला 1932 साली आणि मुंबई दूरदर्शन 1972 साली. दोन्ही पचवून थिएटरं चालूच होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, पगार थांबले, माणसं गावाकडं परतली, आणि फडांची मुंबई उतरणीला लागली. लोकांची आवड तीच होती, खिसा रिकामा झाला होता.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. ही करमणूक कोल्हाटी आणि दलित बायांच्या शोषणावर उभी होती, असं म्हणतात, आणि ते नाकारता येत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची 2002 साली अखेर झाली ती हलाखीत. पण सरकारला सुचतो तो इलाज बंदीचा. स्वातंत्र्याच्या सुमारास तमाशावर बंदी आली, 2005 साली डान्स बारवर. ही दुसरी बंदी 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली, तोवर हजारो बायांचा रोजगार गेला होता. त्यांना हवी होती ती ठरलेली बिदागी आणि म्हातारपणाची सोय. त्याबद्दल बंदीवाले फार बोलले नाहीत. आता लोअर परळच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात रात्रीचे क्लब चालतात, आणि तमाशाच्या तिकिटाला नाक मुरडणाऱ्या वर्गाला त्यांत काही वावगं दिसत नाही.