कात्रीने कापलेला चेहरा
(मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मघाशी फाटकाशी उभा होतो. कुणाचे केस गेलेत, कुणाला चष्मा लागलाय. पण एकाची मान पुढे काढून चालायची लकब लांबूनच दिसली आणि मी नावाने हाक मारली. चेहरा दिसायच्या आत माणूस ओळखला! सिल्हूट चालतं ते याच जोरावर.

सिल्हूट म्हणजे चेहऱ्याची एका बाजूने दिसणारी काळी आकृती. नाव पडलं फ्रान्सच्या एका अर्थमंत्र्यावरून. एत्येन द सिल्हुएत १७५९ साली जेमतेम आठ महिने पदावर होता. त्याच्या काटकसरीची इतकी टिंगल झाली, की स्वस्त वस्तूंना त्याचंच नाव चिकटलं.

आणि स्वस्त होतं म्हणूनच ते घरोघरी गेलं. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात मोझेस विल्यम्स हे काम करी. जन्म गुलामीतला, नुकताच मुक्त झालेला. यंत्राची दांडी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याच्या कडेने फिरे, कागदावर लहानशी रेघ उमटे. तो आतला भाग कापून काढी. मागे काळा कागद लावला की झालं. कागद दुमडलेला, म्हणून एकदम चार प्रती. दर आठ सेंट. १८०३ या एका वर्षात त्याने आठ हजारांवर चेहरे कापले. तैलचित्र ज्यांना सात जन्मांत परवडलं नसतं, अशांचेही.

ऑग्युस्त एदुआर हा फ्रेंच कलावंत मात्र यंत्राशिवाय, नुसत्या नजरेने कापायचा. प्रत्येकाची एक प्रत नाव-तारखेसह स्वतःजवळ ठेवायचा. १८४९ मध्ये अमेरिकेहून परतताना गर्न्सी बेटाजवळ जहाज फुटलं आणि त्यातल्या बऱ्याच प्रती बुडाल्या.

आपल्या चित्रकलेच्या सरांनी दहावीत आपल्या सावल्या दिव्यापुढे धरून कापल्या, आठवतंय? एक प्रत आपल्याला, एक त्यांच्याकडे. सरांच्या ट्रंकेतल्या त्या प्रती गेल्या वर्षी मिळाल्या. त्यात आपल्या वर्गातला तो मित्र होता, जो कॉलेजात जायच्या आधीच गेला. वर्गाच्या फोटोच्या दिवशी तो गैरहजर होता. घरी मोठेपणीचा एकही फोटो नव्हता. मी ती आकृती त्याच्या आईकडे नेली. डोक्यामागचे न बसणारे केस त्यांनी बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, "तेल लावूनसुद्धा असेच राहायचे रे."

उरलेल्या एकवीस आकृती चित्रकलेच्या वर्गात मांडल्या आहेत. सरांनी मागे नावं लिहिलेली नाहीत. जेवणाआधी एक चक्कर मारा, ओळखा आणि पेन्सिलीने नाव लिहा. पेन्सिली तिथेच ठेवल्या आहेत.