पत्र वेळेवर पोहोचायला हवं



 एरवी आपल्या फ्लाइट सर्जनांच्या संघटनेचं सगळं कामकाज इंग्रजीत चालतं. आज पुण्यात मराठीत बोलायची मुभा मिळाली आहे, ती पुरेपूर वापरतो.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा बलून उडाला. त्यात तिघे होते: तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. यांपैकी क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल आदल्या वर्षी फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बर्टच्या कमी दाबाच्या कक्षात बसून प्राणवायूचा उपयोग स्वतः अनुभवून आले होते. या उड्डाणासाठी त्यांनी नेलेला प्राणवायू पुरणार नाही, हे बर्टच्या लक्षात आलं. तो तेव्हा पॅरिसबाहेर होता. त्यानं पत्र लिहिलं, पण ते पोहोचेपर्यंत बलून गेलेला होता. आठ हजार मीटरच्या वर दोघे मरण पावले. वाचलेल्या तिसांदिएनं नंतर लिहून ठेवलं, की त्रास असा काही जाणवलाच नाही, उलट आनंदच वाटत होता. प्राणवायूची नळी धरायची होती, पण हात उचलेना.

उंचीवर प्राणवायूअभावी काय होतं, हे आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मला बोलायचंय ते त्या पत्राबद्दल. ज्याला माहीत होतं त्याच्याकडून ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत ते वेळेत गेलं नाही. आपल्या संघटनेला दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण ही पत्रं वेळेत पोहोचवणं जमलंच पाहिजे.

आपल्या कामाची रचनाच माणसाला एकटं पाडणारी आहे. तळावर वैमानिक भरपूर आणि त्यांना ओळखणारा डॉक्टर एखादाच. दोन-तीन वर्षांत तो क्रू रूममध्ये रुळतो. कोण सर्दी लपवून उडतो आणि कोणाची कंबर लँडिंगनंतर धरते, हे त्याला कळायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच बदली येते. त्याच्याबरोबर ते सगळं ज्ञानही ट्रंकेत भरून जातं. नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.

हेलिकॉप्टरच्या वैमानिकाची पाठदुखी घ्या. डावा हात कलेक्टिव्हवर, उजवा सायक्लिकवर, अंग किंचित पुढे आणि डावीकडे झुकलेलं, वर सतत थरथर. एका तळावर असे तीन जण दिसले की डॉक्टर वेदनाशामक देतो, व्यायाम सांगतो, फार तर चार दिवस उड्डाण थांबवतो. दुसऱ्या तळावर आणखी चार. जोवर त्यांच्या नोंदींचे कागद आपापल्या कपाटात आहेत, तोवर ती सात जणांची पाठ आहे. एकत्र आले की तो आसनाच्या रचनेचा प्रश्न होतो आणि अभियंत्यापुढे ठेवता येतो. लढाऊ वैमानिकाच्या मानेचंही तसंच. दोन किलोचं हेल्मेट ६ जीला, म्हणजे गुरुत्वाच्या सहापट जोराला, बारा किलोंचं होतं, आणि तेवढं ओझं घेऊन त्याला मागे वळून शत्रू शोधायचा असतो.

पण हे कागद मुळात तयार व्हायला वैमानिकानं तोंड उघडावं लागतं, आणि इथेच आपलं खरं दुखणं आहे. डॉक्टरच्या दारात पाय ठेवला की वैद्यकीय कॅटेगरी उतरली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून तो ओपीडीत येत नाही. क्रू रूममध्ये चहाच्या वेळी हळूच म्हणतो, “डॉक, एका मित्राचं विचारायचं होतं.” मित्राचा कान उतरताना दुखतो. मित्रानं केमिस्टकडून सर्दीची गोळी घेतली आहे, त्यानं झोप येते का? त्या क्षणी आपण कसं उत्तर देतो, यावर तो पुढच्या वेळी येणार की नाही हे ठरतं. पाठ्यपुस्तकात हे शिकवत नाहीत. ज्यांनी पंचवीस वर्षं हे केलंय त्यांच्याकडून ऐकूनच ते शिकायचं. आणि ते ज्येष्ठ, माफ करा, उद्घाटनाचं शाल-श्रीफळ झालं की विमानतळाची गाडी विचारतात!

आपल्या परिषदांत आकडे उदंड असतात, स्लाइड्स सुबक असतात. त्यातले काही निबंध बढतीच्या फायलीत लावण्यापुरतेच लिहिलेले असतात, हे लेखकालाही ठाऊक असतं आणि परीक्षकालाही. त्यापेक्षा मला कमी दाबाच्या कक्षातला तो एक कागद पाहायला आवडतो. पंचवीस हजार फुटांवर मास्क काढायला लावून वैमानिकाला शंभरातून सात-सात वजा करत लिहायला सांगतात. पहिल्या ओळी स्वच्छ. मग एकच आकडा दोनदा, मग अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं. नखं निळी पडताहेत आणि स्वारी अंगठा वर करून सांगतेय, सगळं उत्तम! खाली उतरल्यावर आपलाच कागद पाहून त्याचा चेहरा उतरतो. कोणाला आधी मुंग्या येतात, कोणाला उकडतं, कोणाला हसू येतं. ज्याची त्याची पहिली खूण वेगळी. असे कागद वर्षानुवर्षं जपून कोणी बोलायला उभं राहिलं, तर मी पहिल्या रांगेत बसेन.

गोपनीयतेचं काय, असं कोणी विचारेल. बरोबर आहे, विमानाची क्षमता, तुकडीची सज्जता इथे कोणी मांडू नये. पण माणसाचा कान, मणका आणि झोप ही काही गुपितं नव्हेत. बऱ्याचदा आपण गुप्ततेच्या नावाखाली आळस झाकतो.

याउलट होता जॉन स्टॅप, अमेरिकी हवाई दलाचा डॉक्टर. १० डिसेंबर १९५४ रोजी तो स्वतः रॉकेटच्या स्लेजवर बसला, ताशी हजार किलोमीटरचा वेग गाठून दीड सेकंदाच्या आत थांबला आणि ४६ जी सोसून जिवंत उतरला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते. हवाई दलाची माणसं विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरताहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि १९५५ मध्ये त्यानं मोटार उद्योगातल्या लोकांना तळावर बोलावून परिषद भरवली. ती परिषद त्याच्या नावानं आजही भरते. गाडीत आपण जो पट्टा लावतो, त्याच्यामागे त्या डॉक्टरचा हट्ट आहे. लष्करी कुंपणाबाहेरच्यांना आत बोलावण्याचं धैर्य त्याच्यापाशी होतं.

आपल्यालाही ते हवं. बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन १९५७ पासून काम करते आहे. तिथे हवाई दलाच्या वैमानिकांबरोबर नागरी वैमानिकांचीही तपासणी होते. मग विमान कंपन्यांचे डॉक्टर आपल्या सभासदांत इतके थोडे का? २०१६ पासून आपल्याकडे महिला लढाऊ वैमानिक आहेत. जी सोसण्याची जुनी मापं आणि इजेक्शन सीटची गणितं मुख्यतः पुरुषांच्या शरीरावर बेतलेली आहेत. या महिला वैमानिकांविषयी आपल्या तळांवर आज जे दिसतंय, ते आपण लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार? यासाठी डॉ. पद्मा बंदोपाध्याय यांच्यासारख्या या शाखेतल्या ज्येष्ठांची पिढी बोलती करायला हवी, आणि ते लवकर करायला हवं.

तेव्हा मागणं थोडकं आहे. प्रत्येकानं वर्षाकाठी एक रुग्णनोंद, नाव आणि तळ गाळून, ‘इंडियन जर्नल ऑफ एअरोस्पेस मेडिसिन’कडे पाठवावी. निदान चुकलेली नोंद असली तरी चालेल, किंबहुना तीच आधी पाठवा. बदली झाली की नव्या डॉक्टरला फोन करून तासभर बोला. आणि आज दुपारच्या सत्रात पहिले तीन प्रश्न, सेवेत ज्यांना पाच वर्षंही झालेली नाहीत, त्यांनीच विचारायचे आहेत. ज्येष्ठांनी तोवर कृपया माइक मागू नये.