हात आणि बुद्धी यांची फारकत



शिक्षणाच्या बाजारपेठेत अलीकडे दोन शब्दांना मोठा भाव आला आहे. एक ‘प्रकल्पाधारित शिक्षण’ आणि दुसरा ‘डिझाइन थिंकिंग’, म्हणजे रचनाविचार. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित हे विषय सुटे सुटे न शिकवता एखादा प्रत्यक्ष प्रश्न सोडवता सोडवता शिकवावेत, हा पहिल्याचा अर्थ. ज्याची अडचण आहे त्याचे आधी ऐकावे, अडचण नेमकी कोणती ते ठरवावे, उपाय शोधावेत, कच्चा नमुना करावा आणि तो तपासून सुधारावा, हा दुसऱ्याचा. यात नाकारण्यासारखे काही नाही. गवंडी, सुतार आणि लोहार पिढ्यानुपिढ्या साधारण याच रीतीने काम करीत आले आहेत. त्या रीतीला विद्या म्हणण्याचे मात्र समाजाने टाळले. हात राबणाऱ्यांचे आणि बुद्धी शिकलेल्यांची, ही वाटणी जातिव्यवस्थेने केली आणि घोकंपट्टीच्या शाळेने ती पक्की केली. म्हणून नव्या पद्धतीला प्रश्न एकच विचारला पाहिजे: ही फारकत ती मिटवणार की वाढवणार?

एक साधे उदाहरण घ्यावे. गावातील नळकोंडाळ्याजवळ सांडपाण्याचे डबके साचते, डास होतात. सातवीच्या मुलांनी हा प्रश्न हाती घेतला, तर प्रथम त्यांना तेथे पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलावे लागेल. दिवसाकाठी किती पाणी वाया जाते, ते बादलीने मोजावे लागेल. जमीन किती वेगाने पाणी शोषते हे कळण्यासाठी लहान खड्डा खणून, त्यात पाणी भरून, पातळी उतरण्यास लागणारा वेळ टिपावा लागेल. एक मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्ड्यात एक हजार लिटर पाणी मावते, असे गणित सांगते. पण खड्डा दगडांनी भरला की निम्म्याहून अधिक जागा दगडच अडवतात. ज्या मुलीने हा फरक स्वतः मोजला, ती घनफळ म्हणजे काय हे जन्मात विसरणार नाही. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किती दूर असावा, डबके नेमके कोणाच्या वस्तीजवळ साचते, ग्रामपंचायतीने आजवर काय केले, हेही प्रश्न तिला पडतील. विज्ञान आणि नागरिकत्व यांचे शिक्षण तेथे एकत्रच होईल.

असले शिक्षण सामान्य सरकारी शाळेत शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर पूर्वीच मिळाले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात पोहोचला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा वाहिली. साधने स्वस्त होती. मुले गटागटाने प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः काढीत. विशेष म्हणजे परीक्षाही बदलली होती. मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. हे मर्म विसरता कामा नये. परीक्षा पाठांतराचीच राहिली, तर प्रकल्प म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुकानातून आणलेली प्रतिकृती, एवढाच अर्थ उरतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे ग्रामीण मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी आणि शेतीची कामे करता करता विज्ञान शिकू लागली. आधुनिक यंत्रेही पुढे तेथे आली. पण ती कामाच्या मागून आली. याउलट २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडलेल्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना झाली. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु आधी संच आणि मग संचाला शोभेल असा प्रश्न, हा क्रम उलटा आहे. शिवाय जी शाळा निवडली गेली नाही, तिच्यातील मुलांनी काय करावे?

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाने चांभारच राहावे, असा तिचा अर्थ लोकांनी घेतला आणि तीव्र विरोध केला. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. श्रीमंताच्या मुलाला रचनाविचार आणि गरिबाच्या मुलाला हातकाम, अशी नवी वाटणी झाली तर तीही तितकीच त्याज्य ठरेल. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात शेतीचे प्राथमिक ज्ञान शाळेत द्यावे, अशी मागणी केली. ती रयतेची मुले शाळेत यावीत आणि शिकावीत यासाठी होती. त्यांना शेतातच अडकवण्यासाठी नव्हे.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षांचे काम सरकारी निर्णयाने थांबले. शासनाच्या मर्जीवर उभा असलेला प्रयोग मर्जी फिरताच कोसळतो, हा त्यातील धडा आहे. पालकांनी ज्याला आपला हक्क मानले, त्यावर हात टाकणे कोणत्याही सरकारला तितके सोपे नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरवले आहे. मजूर आणि शेतकरी पालकांना त्या समितीत बोलते करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. प्रत्येक शाळेला साधनांसाठी पैसा, शिक्षकाची शिक्षणबाह्य कामांतून सुटका आणि केलेल्या कामाला परीक्षेत मान, या तीन मागण्या तेथून उठल्या पाहिजेत. आणि त्या शिक्षकांच्या विरोधात नव्हे, तर त्यांना बरोबर घेऊन. नळकोंडाळ्याजवळचे डबके मोजणारी मुलगी त्यानंतरच अपवाद राहणार नाही.